सात बिल्ले, आठ डोकी

माझ्या भावाच्या बोटीत बसू नका, असं मी आजवर एकाही पाहुण्याला सांगितलेलं नाही. तशी गरजच पडत नाही. बंदरासमोरच्या या लॉजच्या काउंटरवर मी चार वर्षं बसते आहे, आणि माणसाला एखाद्या गोष्टीपासून लांब ठेवायचं असेल तर तिच्याबद्दल वाईट बोलायचं नसतं, एवढं मला कळलंय. नुसतं "हं" म्हणायचं आणि पेन खाली ठेवायचं. पुढचं काम पाहुणा आपलं आपण करतो.

रोज नाश्ता झाला की ते येतात. कोणी सनस्क्रीन फासून, कोणी गळ्यात मास्क अडकवूनच. "ताई, देवमासे बघायचेत आणि स्नॉर्कलिंगही करायचंय. कुठली बोट घ्यावी?" एकाने तर विचारलं, देवमासा दिसण्याची गॅरंटी आहे का. म्हटलं, हो, काल रात्रीच त्याला फोन करून ठेवलाय. तो बिचारा हसलाही नाही, वेळ विचारून लिहून घेतली त्याने.

मग मी त्यांना बोटी समजावून सांगते. दोन मजली मोठी बोट आहे, शंभर माणसं बसतात, संडास स्वच्छ, चहा मिळतो. देवमासा दिसला की शंभरच्या शंभर एका बाजूला धावतात आणि तुम्हाला पुढच्याची टोपी दिसते. दुसरी रबराची, फार वेगात जाते, देवमाशाच्या जवळ सगळ्यात आधी पोचते, पण तिच्यातून उतरल्यावर कंबर जागेवर राहील याची हमी नाही, आणि पाण्यात ती उतरवत नाही. तिसरी लहान. आठच माणसं. देवमासे दाखवते, खडकांपाशी थांबून पाण्यातही उतरवते. पाहुणे म्हणतात, अहो मग हीच की. तेव्हा मी पेन खाली ठेवते.

"चांगली आहे," मी म्हणते. "फक्त पाण्यातून वर आल्यावर ते कसं मोजतात, ते एकदा विचारून घ्या."

"मोजतात म्हणजे?"

"माणसं हो. उतरली तेवढी परत चढली की नाही ते."

बस. एवढ्यावर नवरा बायकोकडे बघतो, बायको पोरांकडे बघते, आणि दुपारी सगळं कुटुंब मोठ्या बोटीत चहा पीत बसतं. यात खोटं काय आहे सांगा. एक शब्द खोटा नाही. दादाची बोट दिवसाआड अर्धी रिकामी जायला लागली, आणि ती धक्क्यावरून निघताना मी काचेतून तिच्यातली माणसं मोजायची. तीन, कधी चार. ज्या दिवशी दोन असत त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं. लपवायचं कशाला.

ती तिसरी बोट आमच्या बाबांची. बाबा गेल्यावर दादा सुकाणूवर आणि मी डेकवर, अशी आम्ही ती सोळा वर्षं चालवली. मोजायची पद्धतही बाबांचीच. केबिनच्या दारावर फळी, फळीला आठ खिळे, प्रत्येक खिळ्यावर पितळेचा नंबर कोरलेला बिल्ला. पाण्यात उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला काढून मनगटाला बांधायचा, वर आल्यावर परत खिळ्यावर लावायचा. बिल्ले मी मोजायचे आणि डोकी दादाने. दोघांनी मोठ्याने आकडा म्हणायचा. दोन्ही आकडे एक आले तरच इंजिन चालू. बाबा म्हणायचे, एकाचे डोळे चुकतात, दोघांचे सहसा चुकत नाहीत.

त्या दिवशी मी सात म्हणाले.

खडकांपाशी आमची माणसं पाण्यातून वर येत होती आणि तेवढ्यात वायरलेसवर कोणीतरी ओरडलं, किनाऱ्याच्या टोकापलीकडे देवमाशीण आणि तिचं पिल्लू दिसतायत. मोठी बोट तिकडे वळली होती. दादाला तिच्या आधी पोचायचं होतं. मी म्हणाले, "बिल्ले सात." तो समोरच बघत होता, मागे वळलाच नाही. म्हणाला, "डोकी आठ. कोणाच्या तरी हाताला राहिला असेल, चल." आणि बोट निघाली. देवमाशीण सापडली, पिल्लू सापडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी अंग पुसल्यावर बाकावर एक टॉवेल तसाच कोरडा, घडी घातलेला राहिला. आम्ही परत गेलो. ती बाई एकटीच सहलीला आलेली होती, म्हणून तिची आठवण काढणारं बोटीत कोणी नव्हतं. खडकाच्या खुणेसाठी बांधलेल्या नारिंगी तरंगत्या पिंपाला मिठी मारून ती पन्नास मिनिटं पाण्यात होती. ओठ निळे पडलेले. आम्ही वर घेतलं तरी पिंपाची दोरी हातातून सोडेना.

मी कपडे बदलून बंदर कचेरीत पोचेपर्यंत दादाचा जबाब लिहूनही झाला होता. त्यात होतं, बहीण आठ म्हणाली, तिच्या भरवशावर मी निघालो. माझ्याच दादाने केसाने गळा कापला माझा. मी साहेबांना सांगितलं की मी सात म्हणाले होते. पुन्हा सांगितलं. एवढंच सांगत राहिले. साहेब म्हणाले, बाकी प्रवाशांना काही आठवत नाही, आणि कप्तानाचा शब्द आम्हाला धरावा लागतो. माझं डेकवर काम करायचं लायसन रद्द झालं. दादाला ताकीद मिळाली. नुसती ताकीद.

आई तेव्हा होती. तिच्याकडे गेले तर ती भांडी पुसत म्हणाली, "त्याच्यामागे संसार आहे गं. तुझं काय, तू एकटी आहेस, कुठेही पोट भरशील." खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते घरातच ठरलं होतं म्हणायचं. त्यानंतर मी दादाशी बोलले नाही. आई गेली त्या दिवशीही नाही.

म्हणून हे काउंटर. मला माझं नाव साफ करून हवं होतं आणि दादाच्या तोंडूनच ते हवं होतं, चारचौघांत. ते मिळेपर्यंत त्याची बोट रिकामी ठेवायची, असा माझा साधा हिशोब होता.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, एकच लहान बॅग. मी नेहमीप्रमाणे मोठी बोट, रबराची बोट असं सुरू केलं, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"मला लहानच हवी. आणि पाण्यात उतरवणारी. फक्त एक सांगा, ताई, ते नीट मोजतात का?"

चार वर्षांत हा प्रश्न मी लोकांच्या तोंडी घातला होता. कोणी स्वतःहून विचारला नव्हता. मी वर बघितलं, आणि ओळखलं. चेहरा भरला होता, ओठांना रंग होता, म्हणून आधी कळलं नाही.

"असं का विचारताय?" मी म्हणाले.

"मला एकदा इथेच पाण्यात सोडून गेले होते. तेव्हापासून मी साध्या तलावातसुद्धा उतरलेले नाही. आता ठरवलंय, एकदा तिथेच उतरायचं. मग सुटले." त्या थोडं हसल्या. "बोट निळी होती एवढंच आठवतंय. टोपी घातलेली एक बाई मोजायला होती. तीच चुकली, असं मला नंतर पत्राने कळवलं. त्या बाईला मी मनातल्या मनात काय काय बोलले असेन, तुम्हाला सांगता यायचं नाही."

टोपी माझी. पत्र कचेरीचं. मला तिथेच सांगून टाकता आलं असतं की बाई, ती मीच, आणि मी चुकले नव्हते. पण माझ्या शब्दाला आधीच कोणी विचारलं नव्हतं, ती तरी का विचारेल? आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात एकदम दुसरंच शिजायला लागलं होतं. दादाने दोन वर्षांपूर्वी बोट पांढरी रंगवली होती. दाढी वाढवली होती. हिला ना बोट ओळखू येणार होती ना तो, आणि त्याला ही नक्की ओळखू येणार होती.

"लहान बोट एकच आहे," मी म्हणाले. "मी तुमच्याबरोबर येते. माझी उद्या सुट्टी आहे."

त्यांनी माझा हात धरला आणि "तुम्ही फार चांगल्या आहात" म्हणाल्या. मी हात सोडवून घेतला आणि पावती फाडली. उरलेल्या सहा जागाही मीच भरल्या. लॉजमधले एक निवृत्त शिक्षक जोडपं, एक मोठी लेन्स लावलेला कॅमेरावाला, आणि एका ऑफिसातल्या तीन मैत्रिणी. चार वर्षांत पहिल्यांदा मी दादाची बोट भरली. साक्षीदार हवे होते मला, तेही नंतर सगळं आठवणारे.

माझा बेत असा होता. पाण्यातून वर आल्यावर मी माझा बिल्ला खिळ्यावर लावायचा नाही. फळीवर सात, बोटीत आठ. अगदी त्या दिवसासारखं. दादा त्या दिवसासारखाच म्हणणार, राहिला असेल कोणाच्या हाताला, चला. तो इंजिन चालू करेल तेव्हा मी उभी राहणार आणि सगळ्यांसमोर म्हणणार, बघा, हा असा मोजतो, आणि ही बाई बघा, हिला यानेच सोडलं होतं.

सकाळी धक्क्यावर दादाने मला बघितलं आणि त्याच्या हातातली यादी खाली आली. "तू?"

"प्रवासी," मी म्हणाले. "यादीत बघ."

मग त्याची नजर माझ्या मागे गेली. चेहरा असा उतरला की मला मनातून बरं वाटलं. त्या बाईंना बोटीत घेताना त्याने त्यांच्या जॅकेटचे पट्टे दोनदा ओढून बघितले. त्यांना काही कळलं नाही, उलट त्या "थँक यू, दादा" म्हणाल्या. म्हटलं, थांब, तुझं थँक यू येतंय.

माझ्यानंतर डेकवर त्याने कोणी ठेवलं नव्हतं. सगळं एकटाच करत होता, साठीला टेकलेला माणूस. निघताना तो केबिनच्या दारात उभा राहिला आणि स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाला, "बिल्ले?" मग फळीवर बोट फिरवून, "आठ." मग वळून, "डोकी?" मग एकेकाकडे बघत, "आठ." कॅमेरावाला हसला. शिक्षकबाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं, "हे कोणाशी बोलतायत?"

खडकांपाशी पाणी स्वच्छ होतं. बाकीचे सहा जण धपाधप उतरले. त्या बाई शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या, पाणी कमरेपर्यंत, आणि पुढे जाईनात. मी खाली उतरून त्यांचा हात धरला. त्यांनी तो इतका घट्ट धरला की माझ्या अंगठीचा वळ उठला. "सोडू नका हं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, नाही सोडत. आम्ही दोघींनी पाण्यात तोंड घातलं. खाली पिवळे मासे होते, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि त्या नळीतून रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही. दहा मिनिटांनी त्यांनी आपणहून माझा हात सोडला आणि नारिंगी पिंपापर्यंत पोहून त्याला हात लावून परत आल्या. क्षणभर वाटलं, जाऊ दे, लावून टाकावा बिल्ला खिळ्यावर. पण मी सोळा वर्षं त्या डेकवर काढलेली होती. मी बिल्ला मनगटावरून काढून मुठीत धरला आणि वर येऊन बाकावर बसले.

दादा फळीसमोर उभा राहिला. "बिल्ले?" बोट फिरवलं. थांबला. पुन्हा फिरवलं. "सात."

तेवढ्यात वायरलेस खरखरला. टोकापलीकडे दोन देवमासे, उड्या मारतायत. कॅमेरावाला ताडकन उभा राहिला. "चला, चला, कप्तान." मी मुठीत बिल्ला दाबून दादाच्या तोंडाकडे बघत होते. म्हण, मनात म्हणत होते मी. म्हण आठ.

तो बाकांमधून आला आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजू लागला. खरोखर हात ठेवून, शाळेतली लहान मुलं मोजतात तसा. आठ. पुन्हा मोजलं. आठ. तिसऱ्यांदा मोजताना त्याचा हात माझ्या ओल्या केसांवर दोन क्षण जास्त राहिला. आठ. परत फळीपाशी गेला. सात.

"अहो, सगळे इथेच आहेत की," शिक्षक म्हणाले. "एखादा पडला असेल पाण्यात."

"असेल," दादा म्हणाला. आणि त्याने शर्ट काढला, मास्क चढवला आणि पाण्यात उडी टाकली.

आम्ही आठही जण बोटीत होतो आणि तो खडकांभोवती माणूस शोधत होता. एक फेरी. दोन फेऱ्या. पिंपापाशी जाऊन त्याच्या मागे, खाली बघून आला. पलीकडे लांब पाण्यात फवारा उडाला, काळी पाठ दिसली आणि गेली. कॅमेरावाला शिव्या देत होता. मी बसून राहिले. पोह, मी म्हणाले मनात, चांगला पोह. पाच मिनिटं मला ते फार गोड लागलं. दहाव्या मिनिटाला तो वर येऊन खोकायला लागला तेव्हा कमी लागलं. तरी मी मूठ उघडली नाही. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

अर्ध्या तासाने तो शिडीला लटकला. वर चढायची ताकद नव्हती. शिक्षकांनी आणि मी त्याला बगलेत धरून ओढला. तो डेकवर बसला, छाती वरखाली होत होती.

"आठ जण समोर दिसतायत तुम्हाला," कॅमेरावाला म्हणाला. "मग कोणाला शोधत होता?"

"फळीवर सात आहेत," दादा म्हणाला. "त्या दिवशीपण सातच होते. मी आठ म्हणालो. मी मोजलीच नव्हती डोकी. मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं." तो त्या बाईंकडे वळला. "तुम्हाला सोडून गेलो तो मी. ही बोट तेव्हा निळी होती. कचेरीत सांगितलं की बहीण आठ म्हणाली. ती सात म्हणाली होती. स्पष्ट सात म्हणाली होती ती."

मला चार वर्षं जे हवं होतं ते सात साक्षीदारांसमोर, जसंच्या तसं, माझ्या पुढ्यात येऊन पडलं. मी मूठ उघडून बिल्ला दाखवला. "माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "बघत होते काय करतोस ते."

दादाने बिल्ल्याकडे बघितलं आणि मान हलवली. रागावलासुद्धा नाही मेला.

त्या बाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. "बहीण म्हणजे तुम्ही," त्या म्हणाल्या. "टोपीवाली."

"हो. पण मी चुकले नव्हते. ऐकलंत ना आता. मी सात म्हणाले होते."

"ऐकलं." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तुम्हाला माहीत होतं की एक कमी आहे. मग बोट निघाली कशी? नांगर कोणी उचलला?"

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. एका शब्दात तो फिटंफाट करू शकला असता, तेवढा त्याला हक्क होता. तो खाली डेकच्या फळ्यांकडे बघत बसला. कचेरीतही त्याने ते सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं, आणि त्याचा मला भयंकर राग आला. मला त्याचे उपकार नको होते.

"मी," मी म्हणाले.

मग मीच पुढे सांगितलं. "दादा चल म्हणाला आणि मी नांगर ओढला. दोरी माझ्या हातात होती. नसती ओढली तर बोट हललीच नसती. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही."

"आणि काल काउंटरवर तुम्ही मला ओळखलं होतं."

"हो."

"आणि इथे आणलंत."

"हो."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि मी तोंड बाजूला घेतलं नाही. त्यांनी माझ्या तळहातावरचा बिल्ला उचलला, उठून केबिनच्या दाराशी गेल्या आणि तो रिकाम्या खिळ्यावर लावला. मग बाकांमधून परत येत त्यांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. मैत्रिणी, शिक्षक, त्यांची बायको, कॅमेरावाला. माझ्या डोक्यावर हात ठेवताना त्या दुसरीकडे बघत होत्या. "सात," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "आठ."

"उद्या दहा वाजता बंदर कचेरीत या," त्या आम्हाला म्हणाल्या. "दोघंही. दोघांनीही लिहून द्यायचं. यांनी काय मोजलं ते आणि तुम्ही काय ओढलं ते." आणि त्या पुढच्या बाकावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसल्या.

दादाला अजून उठता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे आणि मग नांगराच्या दोरीकडे पाहिलं, पण मला सांगितलं नाही. मी गेले आणि दोरीला हात घातला. ओढायच्या आधी मी त्या बाईंना विचारलं, "निघू या?"

त्यांनी वळून न बघता हो म्हटलं, तेव्हा मी ओढायला सुरुवात केली.